उघड्या तोंडाचा कोष: बोडो घरांतील एरी रेशीम

मुंबई-पुण्याच्या हातमाग प्रदर्शनांत ईशान्य भारताच्या दालनात जाड पोताची, फिकट पिवळसर पांढरी शाल हमखास दिसते. तिला रेशमाची झळाळी नसते. हातात घेतली तर ती सुती आणि लोकरी कापडाच्या मधली वाटते. तिच्यावर ‘अहिंसा रेशीम’ अशी चिठ्ठी असते आणि या रेशमासाठी किडा मारावा लागत नाही, असे विक्रेता सांगतो. इकडे आसाममधील कोक्राझार किंवा उदालगुरी भागातल्या आठवडी बाजारात त्याच किड्याचे प्यूपा, म्हणजे सुरवंटाचा पतंग होण्याच्या मधल्या काळात कोषाच्या आत असलेले जीव, खाण्यासाठी तोलून विकले जातात. या दोन गोष्टींपैकी एक खोटी असली पाहिजे, असे कोणालाही वाटेल. पण दोन्ही खऱ्या आहेत, आणि त्या एकाच वेळी खऱ्या कशा हे समजून घेतले की एरी रेशीम म्हणजे काय, हेही बरेचसे समजते.

‘एरी’ हे नाव परके वाटले तरी ते आपल्या एरंडाचेच आहे. संस्कृत ‘एरंड’ शब्दाचे आसामीत ‘एरा’ झाले आणि त्या झाडाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचे रेशीम ते एरी किंवा एंडी. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०४ साली या किड्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यानेही त्याला ‘अरिंडी’ असेच म्हटले होते. आज किड्याचे शास्त्रीय नाव सामिया रिसिनी असे आहे. त्यातला दुसरा शब्दही एरंडाच्या ‘रिसिनस’ या लॅटिन नावावरूनच आलेला आहे. बोडो भाषेत या किड्याला ‘एंडी एमफौ’ म्हणतात. ‘एमफौ’ म्हणजे कीटक.

बोडो हा आसाममधील मोठा आदिवासी समाज आहे. त्याची वस्ती मुख्यतः ब्रह्मपुत्रेच्या उत्तरेला, भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या कोक्राझार, चिरांग, बक्सा, तामुलपूर आणि उदालगुरी या जिल्ह्यांत आहे. हा प्रदेश २००३ पासून स्वायत्त परिषदेच्या कारभाराखाली असून २०२० च्या करारानंतर तो बोडोलँड प्रादेशिक क्षेत्र म्हणून ओळखला जातो. २०११ च्या जनगणनेत बोडो ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १४.८ लाख होती. ही भाषा तिबेटी-बर्मी कुळातली आहे, म्हणजे मराठीशी तिचे दूरचेही नाते नाही. पण १९७५ पासून ती देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे कोक्राझारच्या रस्त्यावरील पाटी मराठी माणसाला अर्थ कळला नाही तरी वाचता मात्र येते. एरी हे एकट्या बोडोंचे रेशीम नाही. राभा, कार्बी, मिशिंग, गारो हे समाज ते करतात, मेघालयातील खासी लोक त्याला ‘रिंडिया’ म्हणतात. तरीही बोडो घरात एरीचे अन्न, वस्त्र आणि विवाहाचा आहेर या तिन्हींशी जे घट्ट नाते दिसते, त्यामुळे हा विषय बोडो घरातूनच समजून घेणे मला योग्य वाटते.

आधी आपल्या ओळखीच्या रेशमाकडे पाहू. जालना, बीड किंवा सोलापूर भागातील शेतकरी करतात ते तुतीचे रेशीम. तुतीवरचा किडा स्वतःभोवती एकच अखंड तंतू गुंडाळत जातो. तो तंतू बहुधा एक किलोमीटरच्या आसपास लांब असतो आणि कोष सर्व बाजूंनी बंद असतो. आत पतंग तयार झाला की तो तोंडातून स्राव सोडून कोषाचे एक टोक मऊ करतो आणि तिथून बाहेर पडतो. असे झाले की तो अखंड तंतू ठिकठिकाणी तुटतो आणि उकलून काढता येत नाही. म्हणूनच पतंग होण्याआधी कोष वाफेवर किंवा गरम हवेत ठेवून आतला प्यूपा मारावा लागतो. गुळगुळीत, चमकदार रेशमी धागा हवा असेल तर तुतीच्या बाबतीत दुसरा मार्ग नाही.

एरीचा किडा कोष वेगळ्या रीतीने विणतो. तो तंतू सलग गुंडाळत नाही, थांबत थांबत, थरांवर थर चढवत विणतो आणि एका टोकाला बाहेर पडण्यासाठी वाट ठेवतो. त्या टोकाचे तंतू बाहेरच्या दिशेला एकत्र येऊन मिटल्यासारखे झालेले असतात. ओढ्यात लावायच्या बांबूच्या मासे पकडण्याच्या सापळ्याचे तोंड डोळ्यांपुढे आणा आणि त्याची दिशा उलटी करा: आतून बाहेर येणाऱ्याला ते सहज वाट देते, बाहेरून आत शिरू पाहणाऱ्याला अडवते. वेळ झाली की पतंग ते तंतू बाजूला सारून निघून जातो आणि कोष जसाच्या तसा मागे राहतो. मात्र अशा कोषातून अखंड तंतू उकलून निघत नाही. त्यातून धागा काढायचा तर तो कापसासारखा कातावा लागतो. एरीची झळाळी कमी, पोत जाड आणि स्पर्श उबदार असण्याचे कारण या कातण्यात आहे.

या कोषाचे तोंड आतल्या जिवाला बाहेर पडू देते, तसेच ते माणसाच्या बोटांनाही आतला प्यूपा काढून घेऊ देते. दोन्ही वेळा तंतूंना इजा होत नाही. ‘अहिंसा’ हा गुण कोषाच्या रचनेत असलेली एक शक्यता आहे. त्या शक्यतेचे काय करायचे, हे प्रत्येक समाज आपापल्या गरजेने आणि श्रद्धेने ठरवतो. बोडो घराने ते फार पूर्वीच ठरवले आहे, आणि त्या घराच्या दृष्टीने एरीचा किडा आधी अन्न आहे, मग वस्त्र.

हे विधान भावनेच्या भरात केलेले नाही, त्यामागे साधे वजन आहे. ताज्या कोषाचे वजन साधारण तीन ग्रॅम असते आणि त्यातले रेशमी कवच अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भरते. म्हणजे घरात शंभर किलो ताजे कोष आले तर कातण्याजोगे कवच फार तर तेरा-चौदा किलो; बाकी जवळजवळ सगळे वजन आतल्या प्यूपांचे. शेतातून गाडी भरून आलेल्या पिकाचा सातवा हिस्साही न होणारा भाग विकायचा आणि उरलेले फेकून द्यायचे, असे कोणतेही शेतकरी कुटुंब करणार नाही. तुतीच्या रेशीम उद्योगात प्यूपाला बहुतेक ठिकाणी दुय्यम माल समजतात आणि त्याचे तेल, खत किंवा पशुखाद्य होते. बोडो घरात तो स्वयंपाकघरात जातो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी एरीच्या प्यूपाचा अभ्यास केलेला आहे. वाळवलेल्या प्यूपात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात आणि त्याच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे आपण जवसासाठी वाखाणतो ते ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ल, भरपूर असते. प्यूपा कांदा-मिरचीबरोबर परतून किंवा भाज्यांसोबत रस्सा करून खातात. कोष करण्याच्या बेतात आलेल्या पक्व अळ्याही काही जण आवडीने खातात. बाजारात त्यांना बऱ्याचदा मांसाच्या तोडीचा भाव मिळतो. कीटक खाण्याच्या कल्पनेने आपल्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो आपल्या सवयीचा भाग आहे. झिंग्यांचे कालवण चवीने खाणाऱ्या कोकणी घराला हे समजावून सांगण्यासाठी फार शब्द लागू नयेत.

आता पिकाच्या सुरुवातीकडे जाऊ. एरीचा किडा तुतीच्या किड्याप्रमाणे पूर्णपणे पाळीव आहे. टसर आणि मुगा या दुसऱ्या दोन रेशमांच्या अळ्या उघड्यावर झाडांवर वाढवतात. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्यातही टसरच्या अळ्या आईन आणि अर्जुनाच्या झाडांवर सोडून दिवसभर पक्ष्यांपासून राखाव्या लागतात. एरी मात्र घरात वाढतो, आणि हे संगोपन प्रामुख्याने घरातल्या बायकांच्या हातात असते. खाद्य म्हणजे परसात किंवा शेताच्या बांधावर लावलेला एरंड. एरंडाची पाने संपली तर केसेरू नावाच्या झाडाची पाने किंवा ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्या टॅपिओकाची पानेही चालतात. किड्याला अनेक झाडांचा पाला चालत असल्यामुळे एका झाडावर रोग पडला म्हणून सगळे पीक बुडत नाही. तुतीशिवाय काहीही न खाणाऱ्या किड्याच्या शेतकऱ्याला ही सोय नसते.

अंड्यांतून अळ्या बाहेर यायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, थंडीत जास्त. सुरुवातीच्या सुतासारख्या बारीक अळ्यांना कोवळी पाने बांबूच्या सुपांत घालतात. अळी चार वेळा कात टाकते. कात टाकण्याआधी ती खाणे थांबवते आणि डोके किंचित वर उचलून निश्चल राहते. त्या वेळी तिला हलवायचे नाही, शिळा पाला काढण्याच्या निमित्तानेही नाही, हे घरातल्या मुलींना लहानपणापासून ठाऊक असते. अळ्या मोठ्या झाल्या की देठासह पाने जुड्यांनी बांधून आडव्या बांबूला टांगतात आणि अळ्या त्या जुड्यांवर सोडतात. टांगलेल्या पाल्याला हवा लागते, विष्ठा खाली पडते आणि अळ्या ओल्या घाणीत राहत नाहीत. दमट हवेत अळ्यांना रोग झपाट्याने लागतात, त्यामुळे जुडी टांगण्याची ही साधी पद्धत फार मोलाची आहे. शेवटच्या अवस्थेत अळी बोटाएवढी होते, अंगावर पांढरी भुकटी येते आणि ती आयुष्यभरात जेवढा पाला खाते त्याचा बहुतेक भाग या थोड्या दिवसांतच फस्त करते. या दिवसांत घरातला एक माणूस केवळ पाला तोडण्यासाठी लागतो, रात्री झोपण्याआधी आणि पहाटे उठल्यावर पाला घालावा लागतो, आणि पाऊस आला तर ओली पाने पुसून, सुकवून मगच द्यावी लागतात.

अळी पक्व झाली हे ओळखण्याची एक जुनी खूण आहे. अनुभवी बाई अळी उचलते, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये अलगद धरते आणि कानाजवळ नेऊन किंचित फिरवते. खाणाऱ्या अळीचा काही आवाज येत नाही. पोट रिकामे करून तंतू सोडायला तयार झालेल्या अळीतून पोकळ, हलकीशी सरसर ऐकू येते. तो आवाज आला की ती अळी वेगळी काढायची. तिची चालही बदललेली असते. पाल्यावर तोंड लावत नाही, कडेकडेने फिरत राहते आणि जागा शोधते. अशा अळ्यांना वाळलेल्या पानांच्या जुड्यांत सोडतात. आंबा, फणस किंवा केळीची वाळलेली पाने यासाठी वापरतात आणि या जुडीला आसामीत ‘जाली’ म्हणतात. मराठी रेशीम शेतकरी ज्याला चंद्रिका म्हणतो, तेच काम इथे पानांचा गुंडाळा करतो. पानांच्या सुरकुत्यांत, घड्यांत अळी शिरते आणि दोन-चार दिवसांत कोष पूर्ण होतो. कोष बहुधा पांढरे असतात, काही विटकरी रंगाचेही.

इथून पुढे कोषांची वाटणी होते. बियाण्यासाठी उत्तम कोष बाजूला निघतात. उरलेल्यांतले प्यूपा पतंग होण्याआधी काढून घेतात आणि कवचे वाळवून ठेवतात; ती महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे कातण्याचे काम शेतीची घाई संपल्यावर, सवडीने करता येते.

कवचे आधी क्षारयुक्त पाण्यात उकळतात. पूर्वी केळीच्या सालपटांची राख पाण्यात कालवून त्याचे निवळ वापरत. आज बरेच जण धुण्याचा सोडा घालतात. उकळल्यामुळे तंतूंना चिकटवून ठेवणारा रेशमी डिंक सुटतो. एरीत हा डिंक तुतीच्या रेशमापेक्षा बराच कमी असतो. मग कवचे स्वच्छ धुऊन, बोटांनी पसरवून, एकावर एक चढवून त्यांची पातळ चकती करतात. कातणारी बाई ओल्या चकतीचे टोक डाव्या हातात धरते, उजव्या हाताने टकळीला फिरकी देते आणि तंतू ओढत ओढत सूत लांबवते. आसामीत या टकळीला ‘टाकुरी’ म्हणतात. महात्मा गांधींच्या काळात मराठी शाळांतही टकळी फिरत होती, हे आठवले की हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहायला वेळ लागत नाही. सूत कुठे जाड, कुठे बारीक येते. त्या कमी-अधिक जाडीमुळे कापडाला जो खडबडीत पण जिवंत पोत येतो, तो यंत्राच्या सुताला साधत नाही, असे मला वाटते.

काम मात्र अतिशय सावकाश चालते. टकळीवर दिवसभर बसले तरी पन्नास ग्रॅमच्या आसपास सूत होते. एका जाड शालीला अर्धा किलो सूत लागते असे धरले, तर नुसत्या कातण्याला दहा दिवस गेले. विणणे, धुणे, आवश्यक तर रंगवणे हे त्यापुढचे. त्याआधीचा पाला तोडणे, अळ्या सांभाळणे, कोष साफ करणे यांचे दिवस कोणी मोजतच नाही, कारण ते घरकामाच्या वेळेतून काढलेले असतात. प्रदर्शनात शालीची किंमत ऐकून घासाघीस करणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. पायाने चालवायची आणि विजेवर चालणारी कातणयंत्रे आता गावांत पोहोचू लागली आहेत आणि त्यांमुळे दिवसाचे सूत कितीतरी पटीने वाढते. त्यांचे स्वागत करण्याऐवजी टकळीच्या नाहीशा होण्याबद्दल हळहळणे कातणाऱ्या बाईच्या पाठीला न परवडणारे आहे.

विणकाम बोडो मुलगी घरच्या मागावर शिकते. बोडो बायकांचे मुख्य वस्त्र ‘दखना’ छातीपासून घोट्यापर्यंत अंगाभोवती गुंडाळतात. मान्यवरांच्या गळ्यात घालून सन्मान करायचा तो पट्टा म्हणजे ‘अरोनाई’. या वस्त्रांवरील नक्षीला ‘आगर’ म्हणतात. ‘हाजो आगर’ म्हणजे डोंगरांच्या रांगेची नक्षी, ‘फारौ मेगन’ म्हणजे पारव्याचा डोळा. दखना आणि अरोनाई आज सुती, कृत्रिम किंवा इतर धाग्यांचेही असतात, पण थंडीत वडीलधाऱ्यांच्या खांद्यावर पडणारी शाल एरीचीच. तंतूंत हवा कोंडून राहत असल्याने ती हिवाळ्यात ऊब देते, घाम शोषत असल्याने उन्हाळ्यातही अंगाला जाचत नाही, आणि धुण्यागणिक ती अधिक मऊ होत जाते. आसामीत एक म्हण आहे, ‘दैर पानी, एरीर कानी’: थंडाव्याला दह्याचे पाणी, उबेला एरीचे वस्त्र. २०२४ साली बोडो एरी रेशमाला आणि बोडो दखन्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता पुन्हा ‘अहिंसा रेशीम’ या चिठ्ठीकडे येऊ. बोडो प्रदेशाच्या उत्तरेला भूतान आहे आणि तिथल्या विणकरांकडून एरीच्या सुताला जुनी मागणी आहे. तिथे त्याला ‘बुरा’ म्हणतात. बौद्ध समाजाला हे रेशीम जवळचे वाटण्यामागे पतंग कोषातून जिवंत जाऊ शकतो हे एक मोठे कारण आहे. म्हणजे सीमेच्या अलीकडे ज्या कोषाने ताटात अन्न दिले, त्याच जातीच्या कोषाचे सूत पलीकडे अहिंसेच्या श्रद्धेने अंगावर घेतले जाते. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. शहरातला व्यापारी मात्र एरीच्या प्रत्येक धाग्यावर सरसकट ‘अहिंसा’ लिहितो, तेव्हा तो बोडो घराचे अर्धे जगणे झाकून टाकतो, आणि हे मला खटकते. ज्या ग्राहकाला खरोखरच किडा न मारता केलेले कापड हवे असेल, त्याने पतंग निघून गेल्यावरच कोष वापरले का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारले पाहिजे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून दिले जाणारे ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह कापड शुद्ध रेशमाचे आहे एवढेच सांगते; प्यूपाचे काय झाले, हे ते सांगत नाही. जो ग्राहक मासे-मटण खातो, त्याने तर प्यूपा खाल्ला गेला म्हणून शालीला नाके मुरडण्याचे काही कारण नाही. त्या शालीमागे जीव गेला असेल, पण वाया गेलेला नाही.

भारतात वर्षाला सात हजार टनांच्या आसपास एरी रेशीम तयार होते. तुतीनंतर त्याचाच क्रमांक लागतो, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा आसामचा असतो. हे सगळे उत्पादन छोट्या-छोट्या घरांतून येते, आणि त्या प्रत्येक घरात पुढचे पीक बियाण्यासाठी राखलेल्या कोषांवर अवलंबून असते. मोठे, घट्ट, निरोगी कोष निवडून ते एका थरात पसरून ठेवतात. दोनेक आठवड्यांनी, थंडीत त्याहून उशिरा, त्यांच्या तोंडांतून पतंग बाहेर येऊ लागतात: तपकिरी, करड्या रंगाचे, पंखांवर चंद्रकोरीसारखी पांढरी खूण असलेले. त्यांचे तोंड खाण्याच्या कामाचे नसते, त्यामुळे ते काही खात नाहीत. नर-मादीचे मीलन झाले की मादीला पंखाजवळ दोऱ्याने हलकेच बांधून गवताच्या काड्यांच्या लहान जुडीवर ठेवतात. या जुडीला ‘खरिका’ म्हणतात. मादी त्या काड्यांवर साडेतीनशे-चारशे अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत मरते. तिचा रिकामा कोषही टाकून देत नाहीत. तो इतर कवचांबरोबर उकळायला जातो आणि त्याचेही सूत होते. अंडी लागलेली खरिका घराच्या आत, मुंग्या आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी टांगून ठेवतात. तोवर परसातल्या एरंडाला नवी पाने फुटलेली असतात.